घर घेताना हीटिंग कसं तपासायचं? (न्यू जर्सी, १९५३ चं घर, गॅस फर्नेस)

गोधडी
६ फेब्रुवारी, रात्री ११:०४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

सतरा घरं बघून आणि चार ठिकाणी हात चोळत परत येऊन शेवटी एका घरावर आमची ऑफर मान्य झाली. मिडलसेक्स काउंटी, १९५३ चं 'केप कॉड' धाटणीचं घर, खाली दोन खोल्या, वर उतरत्या छपराखाली दोन, पूर्ण बेसमेंट. सध्या वकिलांचे ते तीन दिवस (करार तपासायची मुदत) चालू आहेत. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन.

मी सोलापूरची. आमच्याकडे घर बघताना पाणी किती वाजता येतं आणि पश्चिमेची भिंत किती तापते एवढंच विचारतात. घर तापवायला पैसे मोजायचे, ही कल्पनाच मला नवी. आजवर अपार्टमेंटमध्ये राहिलो, तिथे हीट भाड्यात धरलेली असायची.

बेसमेंटमध्ये एक करडं लोखंडी कपाट आहे, त्यातून पत्र्याचे डक्ट, म्हणजे गरम हवेच्या नळ्या, निघतात. गॅसवर चालतं. एजंट म्हणाला, "फर्नेस छान आहे, अजून दहा वर्षं बघायला नको." खाली मस्त ऊब होती. वर गेलो तर नवऱ्याने अंगातलं जॅकेट काढलंच नाही. त्यावर एजंट म्हणतो, "जुन्या केपमध्ये असंच असतं."

खरंच असंच असतं का? आम्ही नेमकं काय बघायचं? इन्स्पेक्टर सगळं बघतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (ऊबही टाकली तरी चालेल.)

चिकूशेठ
६ फेब्रुवारी, रात्री ११:२१

पयला नंबर! एजंटची दहा वर्षं म्हणजे त्याच्या कमिशनचा चेक वटेपर्यंतचा काळ. हलके घ्या.

बाकी जाणकार येईपर्यंत शेंगदाणे घेऊन बसतो.

बॉयलरकाका
७ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

अगं गोधडी, आधी एक फरक लक्षात ठेव, म्हणजे इन्स्पेक्टरशी बोलताना गोंधळ व्हायचा नाही. फर्नेस हवा तापवतो, बॉयलर पाणी तापवतो किंवा वाफ करतो. इथे जन्मलेली माणसंसुद्धा सर्रास एकाला दुसऱ्याचं नाव देतात. तुझा फर्नेस आहे.

पहिलं काम वय काढायचं. पुढचं झाकण उघडलं की आत एक पाटी असते, तिचा फोटो काढ. कंपनी कॅरियर किंवा ब्रायंट असेल तर सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गुडमन असेल तर आधी वर्ष, मग महिना. फर्नेस साधारण पंधरा ते वीस वर्षं जातो. त्यापुढे चालला तर देवाची कृपा समजायची, पण त्या कृपेचे पैसे घराच्या किमतीत मोजायचे नाहीत.

दुसरं, धूर कुठून जातो ते बघ. पत्र्याची नळी धुरांड्यात शिरत असेल तर तो ऐंशी टक्केवाला, म्हणजे गॅसची ऐंशी टक्के उष्णता घरात आणि बाकीची धुराबरोबर बाहेर. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या भिंतीतून बाहेर गेल्या असतील तर नव्वदच्या वरचा, त्यात धुरातली वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता वापरतात. म्हणून त्याला पाणी वाहून जायला बारीक नळी असते. ती कुठे सोडली आहे आणि आजूबाजूला गंज चढला आहे का, तेही बघायचं.

तिसरं महत्त्वाचं. तुम्ही जाण्याआधी तासभर थर्मोस्टॅट खाली करून ठेवायला सांगा, फर्नेस थंड असू दे. मग तुमच्यासमोर चालू करायला लावा आणि समोर उकिडवं बसून बघा. आधी एक लहान पंखा घोंघावतो, मग पेटवणी लालबुंद होते, मग बर्नर एकापाठोपाठ धरतात. जोत निळी आणि सरळ हवी. अर्ध्या-एक मिनिटाने मोठा पंखा सुरू होतो, त्याच क्षणी जोतीवर नजर ठेवायची. पंखा लागल्यावर जोत फरफरली, पिवळी झाली किंवा पुढे झेपावली, तर आतल्या पत्र्याला चीर असल्याचा संशय घ्यायचा. त्या पत्र्याच्या एका बाजूला जळलेला वायू असतो आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही श्वास घेता ती हवा. चीर पडली की कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला ना वास ना रंग.

इन्स्पेक्टर फर्नेस उघडून सुटा करत नाही. चालू होतो का, गरम हवा येते का, वय किती, एवढं लिहितो. फर्नेस पंधरा वर्षांपुढचा निघाला तर वेगळा हीटिंगवाला बोलाव आणि धुरातलं मोनॉक्साइड यंत्राने मोजून घे. दीड-दोनशे डॉलरकडे बघू नकोस.

आणि हो, फर्नेसच्या अंगावर सर्व्हिसवाल्यांचे स्टिकर असतात. त्यांचा फोटो विसरू नकोस. माणूस खोटं बोलतो, स्टिकर बोलत नाही.

लंडनची_माई
७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

काकांना अनुमोदन. आमच्या विलायतेत हवा नाही, पाणी फिरतं, त्यामुळे थोडं वेगळं. इथून कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

प्रत्येक रेडिएटरला हात लावायचा. वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे, चावीने काढली की काम झालं. वरून गरम आणि खालून, विशेषतः मध्यभागी गार असेल तर आत काळा गाळ बसलाय, तो खर्च. आम्ही टेरेस घर (रांगेतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं) घेतलं तेव्हा दर खोलीत मी रेडिएटरवर हात फिरवत होते आणि घरमालकीणबाई माझ्याकडे मी धूळ तपासतेय अशा नजरेने बघत होत्या.

इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवला तर तो कंडेन्सिंगच (काका म्हणाले तसा, धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) हवा, असा नियम आला. म्हणजे साधा जुना बॉयलर दिसला तर वीस वर्षं उलटली असं धरून चाला. घर तपासणारा सर्व्हेअर नुसत्या डोळ्यांनी बघतो, चालवून बघत नाही. 'गॅस सेफ'वाला, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला, माणूस वेगळा बोलवा. आणि बॉयलर कॉम्बी (नळाचं पाणीही लागेल तसं तापवणारा) असेल तर शॉवर चालू ठेवून स्वयंपाकघरातला गरम नळ सोडून बघा, वर काय होतं ते.

पुण्यातूनच
७ फेब्रुवारी, दुपारी २:३०

आम्ही फ्लॅट घेताना सोलरचं गरम पाणी कितव्या मजल्यापर्यंत येतं एवढंच विचारलं. बिल्डर म्हणाला सगळीकडे. आम्ही चौथ्यावर. सात वर्षं झाली, गीझर जिंदाबाद. वाचतोय, चालू द्या.

गोधडी
८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

धन्यवाद मंडळी! काल परत जाऊन आलो. एजंटने जरा तोंड वाकडं केलं, पण काकांनी सांगितलं तसं मी उकिडवी बसले. (नवरा व्हिडिओ काढत होता. आता तो घरच्या ग्रुपवर फिरतोय.)

पाटीवर सिरियल ४१०३ ने सुरू होतो, कॅरियर. म्हणजे २००३ चा ४१ वा आठवडा, बरोबर ना? २२ वर्षं पूर्ण! पत्र्याची नळी, धुरांड्यात जाते. पाटीवर इनपुट १,००,००० आणि आउटपुट ८०,००० लिहिलंय. जोत निळी होती, पंखा लागल्यावर मला तरी हलताना दिसली नाही. स्टिकर ऑक्टोबर २०१७ पर्यंत दरवर्षीचे आहेत, पुढे काहीच नाही. घरमालकीण आजी एकट्याच राहतात, त्यांचे यजमान गेले. बहुधा ते गेल्यावर कोणी बोलावलं नसावं. ते स्टिकर बघून उगाच वाईट वाटलं.

डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी चिकटवलेली आहे, एक-दोन ठिकाणी सुटलीय. चालेल ना?

अजून एक बारीकसं. फर्नेसच्या मागच्या भिंतीतून, जमिनीलगत, दोन पेन्सिलएवढ्या तांब्याच्या नळ्या बाहेर आल्यात. टोकं चिमटून बंद केलीत. एसीच्या आहेत का? एजंट म्हणाला जुन्या काहीतरी असतील.

पन्हाळगड
८ फेब्रुवारी, रात्री १०:०२

थांबा. त्या नळ्या एसीच्या नाहीत.

त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जा. झाडोऱ्यात जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप, वर टोपण किंवा छत्रीसारखं वाकडं तोंड, असं काही दिसतंय का? उद्या सकाळी उजेडात बघा. तोवर वकिलाला सांगून ठेवा की कराराची मुदत संपू देऊ नका.

चिकूशेठ
८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

अरे देवा. शेंगदाणे खाली ठेवले.

बॉयलरकाका
८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

पन्हाळगड बरोबर बोलतोय. ते घर आधी तेलावर चालायचं. एक नळी तेल आणायची, दुसरी उरलेलं परत न्यायची. त्या काळात टाकी सरसकट अंगणात पुरायचे. पुढे गॅस आला, बर्नर बदलला, नळ्या चिमटल्या आणि टाकी तशीच जमिनीत राहिली. न्यू जर्सीत अशी किती घरं असतील याची गणती नाही.

आणि ती पांढरी पट्टी. तिला हात लावू नकोस, ओढू नकोस, झाडू मारू नकोस. त्या काळातल्या डक्टवर अॅस्बेस्टॉसचा कागद असायचा, त्याची धूळ श्वासात जाणं घातक. न छेडता शाबूत असेल तर तसा उपद्रव नाही, पण तुझी सुटलेली आहे. नमुना तपासून घे. फर्नेस बदलताना डक्ट कापावे लागतील तेव्हा तो खर्च वेगळा उभा राहील.

पन्हाळगड
९ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

रात्री फोनवरून लिहिलं म्हणून तुटक झालं. आता सविस्तर.

आम्ही घर घेतलं तेव्हा हे कोणी सांगितलं नाही. हिवाळ्यात घेतलं, अंगणावर बर्फ. इन्स्पेक्टरच्या अहवालात एक ओळ होती, "जुन्या तेलाच्या व्यवस्थेच्या खुणा आढळल्या, अधिक तपास करावा." चाळीस पानांत ती ओळ एकोणतिसाव्या पानावर. आम्ही अठ्ठाविसाव्या पानावर गळक्या नळाशी भांडत होतो.

चार वर्षांनी बायकोने पुढच्या अंगणात हायड्रेंजा लावायला खड्डा खणला आणि फावडं लोखंडावर आपटलं. टाकी काढली तर तळाला वाटाण्याएवढी भोकं. खालची माती काळी. टाकी काढताना गावचा इन्स्पेक्टर हजर असतो. भोकं दिसली की राज्याच्या पर्यावरण खात्याला फोन करावाच लागतो, तिथून केस नंबर मिळतो, आणि मग माती काढा, प्रयोगशाळेत पाठवा, अजून काढा. घराचा विमा सहसा असल्या गोष्टीला हात लावत नाही. कायदा असा की घर तुमचं म्हणजे टाकी तुमची आणि गळतीही तुमची, तेल कोणी का भरलेलं असेना. आम्हाला एका नव्या गाडीचे पैसे पडले. भूजलापर्यंत तेल गेलं असतं तर दोन-तीन गाड्यांचे.

तुम्ही करायचं ते असं. टाकी शोधणारे लोक असतात, मेटल डिटेक्टर आणि जमिनीतून रडार फिरवतात, दोन-तीनशे डॉलर, तासाभराचं काम. घराच्या साध्या इन्स्पेक्शनमध्ये हे नसतं, वेगळं सांगावं लागतं. सापडली तर टाकी विक्रेत्याच्या खर्चाने, परवाना काढून, बाहेर. "आम्ही वाळू भरून बंद केली होती" हे ऐकून घ्या, पण कागद मागा. वाळू भरताना खालची माती तपासली होती का, हा खरा प्रश्न. माती दूषित निघाली तर शेवटी राज्याचं 'आता पुढे काही करायला नको' अशा अर्थाचं पत्र मिळतं, नो फर्दर अॅक्शन लेटर. ते पत्र हवं.

आणि कृपा करून "क्लोझिंगनंतर (व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर झाल्यावर) बघू, आम्ही दोन हजार कमी करतो" याला बळी पडू नका.

गोधडी
९ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

पन्हाळगड, अक्षरशः हात थरथरतायत. नवरा ऑफिसला जाताना वाट वाकडी करून बघून आला. यू झाडाच्या झुडपामागे, भिंतीपासून दोन फुटांवर, गंजलेलं वाकडं तोंड आहे. आधी दोनदा बघितलं होतं आणि मला ते गटाराचं वाटलं होतं.

वकिलाला मेल केली. टाकी शोधणारा गुरुवारी येतोय.

हिशेबनीस
९ फेब्रुवारी, रात्री ८:१०

टाकीचं चालू द्या, तोवर मला फर्नेसच्या पाटीवरच्या आकड्यांवर बोलायचंय. विक्रेत्या आजींकडून गॅसची बारा महिन्यांची बिलं मिळतील का? नुसते थर्म (बिलावरचं गॅसचं माप) हवेत, रक्कम नको.

गोधडी
१० फेब्रुवारी, दुपारी १२:४०

मिळाली, आजींनी एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात तारीखवार लावून ठेवली होती. जानेवारी १८८ थर्म, जुलै १९.

हिशेबनीस
१० फेब्रुवारी, रात्री ९:३०

वा, आजींना नमस्कार सांगा.

जुलैचे १९ म्हणजे गरम पाणी आणि स्वयंपाक. ते वजा केले की जानेवारीत घर तापवायला १६९ थर्म लागले. एक थर्म म्हणजे १ लाख बीटीयू (उष्णतेचं एकक), म्हणजे १ कोटी ६९ लाख. फर्नेस ऐंशी टक्केवाला, तेव्हा घरात प्रत्यक्ष आले सुमारे १ कोटी ३५ लाख. तुमच्या भागात जानेवारीचे डिग्री-डे साधारण १,००० असतात (रोजचं सरासरी तापमान ६५ फॅरेनहाइटच्या किती खाली गेलं त्याची महिनाभराची बेरीज, जवळच्या विमानतळाची नेटवर मिळते). भागाकार करा, मग २४ ने भागा. दर अंशाला दर तासाला सुमारे ५६० बीटीयू.

आता कडाक्याच्या दिवसाचं तापमान १२ फॅ. धरा. ६५ मधून १२ गेले ५३. गुणाकार सुमारे ३०,०००. तुमच्या घराला सगळ्यात थंड तासाला तीस हजार लागतात आणि खाली बसवलाय ऐंशी हजारांचा! आजी एकट्या, वरच्या खोल्या बंद ठेवत असतील, थर्मोस्टॅट खाली असेल, म्हणून उदार होऊन चाळीस धरा. तरी दुप्पट.

मोठा असला तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं. पाच मिनिटं धडाडून चालतो, थर्मोस्टॅट खालच्या हॉलमध्ये, हॉल तापला की बंद. लांबच्या डक्टमधली हवा वरच्या खोलीत पोचेपर्यंत खेळ खलास. तुमच्या नवऱ्याचं जॅकेट यामुळेही अंगावर राहिलं असेल.

नवा घ्याल तेव्हा हा कागद समोर ठेवा. पाटी वाचून "तेवढाच बसवतो" म्हणणारा कंत्राटदार परत पाठवा. खोलीनिहाय हिशेब करण्याची इथे ठरलेली पद्धत आहे, मॅन्युअल जे म्हणतात.

हाताशी असू देत म्हणून: घरात दहा लाख बीटीयू यायला काय लागतं? तेल ८.५ गॅलन (८५ टक्केवाला बॉयलर), गॅस ऐंशीवाल्यात १२.५ थर्म आणि पंचाण्णववाल्यात १०.५, प्रोपेन पंचाण्णववाल्यात ११.५ गॅलन, बेसबोर्डचे (भिंतीच्या तळाशी लावलेले) साधे विजेचे हीटर २९३ युनिट, बरा हीट पंप (उलटा चालणारा एसी, बाहेरची उष्णता आत आणतो) १०० ते ११०. आपापल्या गावचे दर लावून बघा. माझ्या शेवटच्या बिलात वीज २० सेंट आणि गॅस १.३० डॉलर होता, म्हणजे बेसबोर्ड ५९ डॉलर, हीट पंप २२, ऐंशीवाला गॅस १६. 'ऑल इलेक्ट्रिक, नो गॅस बिल' असं जाहिरातीत वाचलं की हरखून जाऊ नका, आधी बेसबोर्ड की हीट पंप ते विचारा.

मिनेसोटाई
१० फेब्रुवारी, रात्री ११:१५

हिशेबनीस, _/\_

गोधडी, वरच्या खोलीचं फक्त फर्नेसवर ढकलू नकोस हं. केपमध्ये वरच्या खोल्यांच्या कडेला बुटक्या भिंती असतात, त्यात छोटं दार असतं, सामान ठेवायचं. ते उघडून टॉर्चने आत बघ. छपराच्या पोकळीतून डक्ट उघडाबोडका गेला असेल तर तू गॅस जाळून चिमण्यांना ऊब देतेयस. आणि खोलीत हवा आत येणारी जाळी एक आणि परत जाणारी एक, अशा दोन आहेत का? जुन्या घरांत परतीची जाळी खाली हॉलमध्ये एकच असते. दार लावलं की हवा आत शिरायला जागाच उरत नाही. सोपी परीक्षा: फर्नेस चालू असताना दार लावून घे आणि खालच्या फटीशी टिश्यू धर. फडफडून बाहेर ओढला जातो की नाही बघ.

आमच्याकडे शून्याखाली २० फॅ. बघितलेलं आहे, तिथल्या चार गोष्टी. भिंतीतून जाणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या जमिनीपासून किती उंच आहेत बघायचं. बर्फ साचून तोंड बुजलं की फर्नेस बंद पडतो, आणि तो रात्री दोनलाच पडतो. गावाबाहेर प्रोपेनवर घर असेल तर टाकी मालकीची की कंपनीने भाड्याने दिलेली ते विचारायचं. भाड्याची असली तर गॅस त्याच कंपनीकडून घ्यावा लागतो, भावाची घासाघीस संपली. हीट पंप इथेही चालतात, पण कडाक्याच्या दिवसांसाठी सोबत दुसरं काय लावलंय ते बघा. साध्या विजेच्या पट्ट्या असतील तर जानेवारीचं बिल बघून घाम फुटतो, आणि तेवढीच काय ती ऊब.

ब्लॅकफॉरेस्टचा_बाळ्या
११ फेब्रुवारी, पहाटे ४:०५

जर्मनीतून. इथे धुरांडं साफ करणारा अधिकृत माणूस असतो, काळे कपडे, तो दिसला की शुभशकुन मानतात. पण तो खरा धूर मोजणारा. घर बघायला गेलात की विक्रेत्याकडे त्याचे शेवटचे कागद मागा, बॉयलरचं वय आणि मोजमाप त्यात येतं. ऊर्जेचा दाखला तर घर दाखवतानाच दाखवावा लागतो. आम्ही २०२३ मध्ये घर घेतलं तेव्हा तीस वर्षांपुढचे जुन्या पद्धतीचे बॉयलर नव्या मालकाने दोन वर्षांत बदलायचे असा नियम होता. आमचा १९९१ चा. विक्रेता म्हणाला, उत्तम चालतो. चालत होताच. आम्ही किमतीतून कापून घेतले.

गोधडी
१४ फेब्रुवारी, रात्री १०:४५

सापडली.

तो माणूस हातगाडीसारखं यंत्र ढकलत झुडपांजवळून फिरला, दुसऱ्याच फेरीत थांबला आणि गवतावर नारिंगी रंगाने लांबट चौकोन काढला. म्हणाला ५५० गॅलनची असावी. आजी खिडकीतून बघत होत्या, मग बाहेर आल्या. म्हणाल्या, "टाकी? ती तर आमच्या यजमानांनी बंद केली होती." बंद म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो विषय तिथे मिटलेला होता. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी उगाच त्यांच्या पडद्यांचं कौतुक केलं.

आमच्या वकीलबाई म्हणतात घाई नको, टाकी काढून मातीचा अहवाल येईपर्यंत आपण पुढे जायचं नाही. आजींच्या मुलाने आधी "आहे तसं घ्या" म्हटलं. मग त्याच्या वकिलाने समजावलं असावं, कारण आता हे कळल्यावर पुढच्या गिऱ्हाइकालाही सांगावंच लागणार. तयार झाला.

पन्हाळगड, तुमचे आभार कसे मानू!

पन्हाळगड
१४ फेब्रुवारी, रात्री ११:००

हायड्रेंजा लावा.

बॉयलरकाका
१५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

एक राहिलं. पुढे नवा पंचाण्णववाला घेतलात तर त्याच्या नळ्या भिंतीतून जातील आणि जुन्या धुरांड्यात पाणी तापवणारी टाकी एकटी उरेल. दोघांसाठी बांधलेलं धुरांडं तिला फार मोठं पडतं, धूर वर चढत नाही, आतच थंड होऊन विटा ओल्या होतात किंवा धूर उलटा बेसमेंटमध्ये येतो. कंत्राटदार हे आपणहून क्वचितच सांगतो. धुरांड्यात पोलादी नळी घालून घ्यायची, किंवा पाण्याची टाकीही बदलायची. तिचं वय बघितलंस का?

गोधडी
१५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

काका, २०१२. आता हेही!

चिकूशेठ
१५ फेब्रुवारी, सकाळी ८:४२

तिला म्हणावं सांभाळून घे गं बाई थोडे दिवस.

गोधडी
२२ जून, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विचारपूस केली होती.

टाकी एप्रिलमध्ये निघाली. मी रजा टाकून गेले होते. जेसीबीने उचलली तेव्हा वास आला तो थेट लहानपणीच्या रेशन दुकानातल्या रॉकेलच्या पिंपाचा. एका टोकाला तीन भोकं, करंगळी जाईल एवढी. गावच्या इन्स्पेक्टरने मान हलवली आणि तिथूनच राज्याला फोन गेला. माती दोनदा काढली. नशिबाने तेल फार खोल गेलं नव्हतं. खर्च आजींच्या बाजूने. राज्याचं पत्र यायला वेळ आहे, म्हणून क्लोझिंगला त्यांच्या पैशातली मोठी रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवली, पत्र आलं की सुटेल. गेल्या शुक्रवारी किल्ल्या मिळाल्या.

फर्नेससाठी किमतीत ४,००० कमी झाले. तिघांना बोलावलं. पहिल्या दोघांनी वर पाऊल टाकलं नाही, पाटी वाचली आणि एक लाखाचाच आकडा लिहून दिला. हिशेबनीस, तुमचा कागद दाखवल्यावर एक जण म्हणाला "इंटरनेटवर काहीही लिहितात." तिसरी एक बाई आली, तिने खिडक्या मोजल्या, बुटक्या दारातून आत रांगत गेली, कोळिष्टकं झटकत बाहेर आली आणि म्हणाली, आधी इथे इन्सुलेशन, मग यंत्र. तिचा आकडा ३८,०००. खाली लहान गॅस फर्नेस आणि वरच्या दोन खोल्यांना छोटा हीट पंप, असं सुचवतेय. हीट पंपावरची केंद्राची कर-सवलत २०२५ च्या ३१ डिसेंबरला संपली, ती हुकली. पट्टीत अॅस्बेस्टॉस निघालं, ते काढायला पुढच्या आठवड्यात लोक येतायत.

आजींनी जाताना बिलांचा डबा माझ्यासाठी ओट्यावर ठेवला होता. आत फर्नेसचं २००३ चं माहितीपत्रक, त्यावर यजमानांच्या अक्षरात दर वर्षी फिल्टर बदलल्याच्या तारखा.

एक शंका: टाकीच्या खड्ड्यावर नवी माती टाकून गवत पेरलंय, पण मध्येच खळगा पडतोय. हायड्रेंजा आत्ता लावू का?

बॉयलरकाका
२३ जून, सकाळी ७:२५

नको. भराव अजून बसायचाय. वरून माती टाकत राहा, एक हिवाळा जाऊ दे.